जेनेरिक आणि ब्रँडेड औषधे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेनेरिक औषध म्हणजे नेमके काय?

बहुतेक औषधांना दोन नावे असतात. एक नाव औषधी घटकाचे, म्हणजे ज्या रसायनामुळे गुण येतो त्याचे, आणि दुसरे कंपनीने विक्रीसाठी दिलेले. ॲटोर्व्हास्टॅटिन हे पहिल्या प्रकारचे नाव आहे, तर लिपिटॉर हे दुसऱ्या प्रकारचे. घटकांची नावे जगभर शक्यतो एकसारखी असावीत म्हणून जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून त्यांच्या याद्या प्रसिद्ध करत आली आहे. ज्या कंपनीने औषध प्रथम बाजारात आणले तिची मक्तेदारी संपल्यावर इतर कंपन्या तोच घटक, तेवढ्याच ताकदीत आणि त्याच स्वरूपात (गोळीला गोळी, इंजेक्शनला इंजेक्शन) बनवू लागतात. अशा औषधाला जेनेरिक औषध म्हणतात. ते त्याच आजारांसाठी, त्याच मात्रेत आणि त्याच मार्गाने घ्यायचे असते.

नवे औषध आल्याबरोबर त्याचे जेनेरिक का मिळत नाही?

पेटंटमुळे. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराप्रमाणे पेटंटची मुदत अर्ज केल्याच्या तारखेपासून किमान २० वर्षे असते. मात्र अर्ज सहसा संशोधनाच्या सुरुवातीलाच केला जातो आणि प्राण्यांवरील प्रयोग, माणसांवरील चाचण्यांचे टप्पे आणि मंजुरी यांत त्यातील बरीच वर्षे निघून जातात. त्यामुळे प्रत्यक्ष विक्रीची मक्तेदारी २० वर्षांपेक्षा बरीच कमी उरते. ही तूट काही अंशी भरून देण्यासाठी अनेक देशांत पेटंटची मुदत ठरावीक मर्यादेपर्यंत वाढवून मिळते, शिवाय मूळ कंपनीने सादर केलेली चाचण्यांची माहिती काही वर्षे इतरांना आधारासाठी वापरता येत नाही. मुख्य घटकाचे पेटंट संपले तरी गोळीची रचना, स्फटिकाचा प्रकार किंवा बनवण्याची पद्धत यांवरची नंतरची पेटंटे शिल्लक असू शकतात, आणि जेनेरिक नेमके कधी येणार याचा निकाल पुष्कळदा न्यायालयातच लागतो.

जेनेरिक स्वस्त असते, म्हणजे त्यात काहीतरी कमी घातलेले असणार ना?

ही शंका स्वाभाविक आहे, कारण इतर बहुतेक वस्तूंच्या बाबतीत आपला अनुभव तसाच असतो. परंतु औषधाच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा बहुधा लहान असतो. नवे औषध शोधणे, अपयशी ठरलेल्या अनेक रसायनांचा खर्च सोसणे, हजारो रुग्णांवर चाचण्या घेणे आणि मग डॉक्टरांपर्यंत त्याचा प्रचार करणे या सगळ्याचा भार मूळ औषधाच्या किमतीवर असतो, आणि मक्तेदारी असेपर्यंत ती किंमत खाली आणायला कोणी स्पर्धकही नसतो. जेनेरिक कंपनीला यातले बरेचसे करावे लागत नाही. शिवाय एकाच औषधाचे अनेक उत्पादक बाजारात उतरले की त्यांच्यातल्या चढाओढीमुळे किंमत आणखी घसरते. उत्पादक एक-दोनच असतील, तर जेनेरिक असूनही ते फारसे स्वस्त नसते. म्हणजेच किंमत मुख्यतः स्पर्धेवर ठरते आणि तिच्यावरून दर्जाचा अंदाज बांधणे चुकीचे आहे.

रुग्णांवर पुन्हा मोठ्या चाचण्या न घेता जेनेरिकला मंजुरी कशी मिळते?

अमेरिकेत १९८४ मध्ये झालेल्या कायद्याने, जो हॅच-वॅक्समन कायदा म्हणून ओळखला जातो, आजच्या पद्धतीचा पाया घातला. त्यामागचा विचार असा की एखादा घटक सुरक्षित आणि गुणकारी आहे हे एकदा सिद्ध झालेले असताना तेच पुन्हा सिद्ध करण्यासाठी रुग्णांच्या एका गटाला निष्क्रिय गोळ्या देणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही आणि शास्त्रीयदृष्ट्या अनावश्यक आहे. सिद्ध करायचे उरते ते एवढेच, की नवी गोळी तो घटक रक्तात तितक्याच प्रमाणात आणि तितक्याच वेगाने पोहोचवते. यालाच जैवसमतुल्यता म्हणतात.

ही चाचणी सहसा काही डझन निरोगी प्रौढ स्वयंसेवकांवर घेतली जाते. प्रत्येकाला एका वेळी मूळ औषध आणि काही दिवसांनी, शरीरातून ते पूर्ण निघून गेल्यावर, जेनेरिक दिले जाते. कोणाला आधी काय द्यायचे हे सोडत पद्धतीने ठरते. गोळी घेतल्यानंतर ठरावीक वेळांनी, सुरुवातीला थोड्या थोड्या अंतराने आणि मग तासातासांच्या अंतराने, रक्ताचे नमुने घेतले जातात. प्रत्येक नमुन्यातील औषधाचे प्रमाण मोजून आलेख काढला जातो आणि त्यावरून दोन गोष्टी पाहिल्या जातात : रक्तातील प्रमाणाने गाठलेला सर्वोच्च बिंदू, आणि आलेखाच्या रेषेखालचे क्षेत्रफळ, म्हणजे शरीराला एकूण किती औषध मिळाले. एकच माणूस दोन्ही गोळ्या घेत असल्यामुळे त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, आणि माणसामाणसांतील फरकांमुळे होणारी गल्लत बरीचशी टळते.

याशिवाय घटकाची शुद्धता, गोळी विरघळण्याचा वेग, साठवणुकीतील टिकाऊपणा आणि कारखान्यातील उत्पादनपद्धती यांची तपासणी मूळ औषधाला लागू असलेल्या निकषांवरच होते.

जेनेरिकमध्ये २० टक्के औषध कमी असले तरी चालते, असे ऐकले. ते खरे आहे का?

नाही. जेनेरिकविषयीचा सर्वांत जास्त पसरलेला आणि सर्वांत चिवट गैरसमज हाच आहे, आणि तो सामान्य वाचकांतच नव्हे, तर वैद्यकीय क्षेत्रातल्या लोकांतही आढळतो. त्यामुळे येथे थोडे थांबणे योग्य होईल.

पहिली गोष्ट अशी की गोळीत किती मिलिग्रॅम औषध आहे याच्याशी या आकड्याचा संबंधच नाही. २० मिलिग्रॅमच्या गोळीत किती घटक असावा याच्या औषधकोशातील मर्यादा मूळ औषधाला आणि जेनेरिकला सारख्याच लागू होतात. हा गैरसमज ज्यावरून निघाला, ती जैवसमतुल्यता चाचणीतील ८० ते १२५ टक्के ही मर्यादा रक्तातील मोजमापांच्या गुणोत्तराची आहे, आणि तीदेखील सरासरीची नाही.

सरासरीच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेचा एक पट्टा असतो, ज्याला संख्याशास्त्रात विश्वास-अंतराल म्हणतात. नियम असा आहे की ९० टक्के विश्वास-अंतरालाचा हा संपूर्ण पट्टा ८० आणि १२५ यांच्या आत बसला पाहिजे. समजा जेनेरिकची सरासरी मूळ औषधाच्या ९२ टक्के आली आणि पट्टा ८५ ते ९९.५ असा निघाला, तर ते उत्तीर्ण होईल. सरासरी ८६ आली आणि पट्टा ७९ ते ९४ असा निघाला, तर ते नापास होईल, जरी ८६ हा आकडा ८० च्या वर असला तरी. सरासरीच ८० असलेले औषध या चाचणीतून पार पडणे शक्य नाही, कारण त्याच्या पट्ट्याचे खालचे टोक मर्यादेबाहेर जाणारच. म्हणून व्यवहारात उत्तीर्ण होणाऱ्या जेनेरिकची सरासरी १०० च्या जवळपास असावी लागते. खाली २० आणि वर २५ असा विषम फरक दिसतो, त्याचे कारण गणिती आहे : ही तुलना गुणोत्तरांची असते, आणि ०.८ चा व्यस्तांक १.२५ येतो.

प्रत्यक्षात काय आढळते? अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये १२ वर्षांतील २,०७० जैवसमतुल्यता चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात मूळ औषध आणि जेनेरिक यांच्यातील सरासरी फरक सर्वोच्च प्रमाणात सुमारे ४.३५ टक्के आणि एकूण मिळालेल्या औषधात सुमारे ३.५६ टक्के इतका होता.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मूळ कंपनी स्वतः आपल्या गोळीच्या कृतीत किंवा उत्पादनात मोठा बदल करते, तेव्हा जुनी आणि नवी गोळी समतुल्य असल्याचे दाखवण्यासाठी तिलाही हीच चाचणी आणि हीच मर्यादा लागू होते. ब्रँडचे नाव तेच राहते, म्हणून रुग्णाला या बदलाचा पत्ताही लागत नाही.

ही चाचणी सर्व औषधांना लागू होते का?

नाही. शिरेतून द्यायच्या साध्या द्रावणाला ती सहसा लागत नाही, कारण ते थेट रक्तातच जाते. पाण्यात सहज विरघळणाऱ्या आणि आतड्यातून सहज शोषल्या जाणाऱ्या काही औषधांना प्रयोगशाळेतील विरघळण्याच्या चाचणीवर सूट मिळू शकते. याच्या उलट, त्वचेवर लावायची मलमे, डोळ्यांत घालायची काही औषधे आणि श्वासावाटे घ्यायची औषधे यांच्या बाबतीत रक्तातील प्रमाणावरून फारसे कळत नाही, कारण औषध रक्तात पोहोचण्याआधीच त्याचे काम व्हायचे असते. तेथे वेगळ्या आणि बहुधा अधिक अवघड चाचण्या लागतात; चांगली जेनेरिक इनहेलर उशिरा आली याचे हे एक मोठे कारण आहे. इनहेलरच्या बाबतीत उपकरण हाताळण्याची रीत बदलली तरी औषध फुप्फुसात कमी पोहोचू शकते, म्हणून उपकरण बदलल्यास ते कसे वापरायचे हे पुन्हा शिकून घ्यावे.

औषध तेच आहे, तर गोळीचा रंग आणि आकार वेगळा का?

गोळीचे दृश्य रूप हे अनेक देशांत व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली मूळ कंपनीचे असते, आणि त्याची हुबेहूब नक्कल करण्यास मनाई असते. याचा गुणाशी संबंध नसला, तरी परिणाम होतो. अमेरिकेत अपस्मार आणि हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत असे दिसले की गोळीचा रंग किंवा आकार बदलल्यावर औषध घेणे मध्येच थांबवण्याचे प्रमाण वाढते. रोज पांढरी गोल गोळी घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीच्या हातात एके दिवशी पिवळी लांबट गोळी आली, तर तिने ती बाजूला ठेवणे समजण्यासारखे आहे. औषध देणाऱ्याने असा बदल तोंडी सांगणे, आणि सांगितले नाही तर रुग्णाने विचारणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

औषधी घटक सोडून गोळीत आणखी काय असते? त्याने फरक पडतो का?

काही मिलिग्रॅम औषध हातात धरण्याजोग्या गोळीत बसवायचे, तर तिला आकार देणारे, बांधून ठेवणारे, पोटात गेल्यावर फुटायला मदत करणारे आणि रंग किंवा गोडी देणारे घटक लागतात. त्यांना निष्क्रिय किंवा पूरक घटक म्हणतात. जेनेरिक आणि मूळ औषध यांत हे वेगळे असू शकतात. बहुसंख्य लोकांना त्याने काही होत नाही. परंतु दुग्धशर्करा, ग्लुटेन, टार्ट्राझिनसारखे रंग, सोया किंवा तिळाचे तेल यांचे वावडे असणाऱ्यांनी, तसेच फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात चयापचयाचा विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेमसाठी, घटकांची यादी पाहिलीच पाहिजे.

पूरक घटकाने मुख्य औषधाच्या शोषणातही बदल होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास फेनिटॉइन घेणाऱ्या अपस्माराच्या अनेक रुग्णांना एकाएकी चक्कर, तोल जाणे, दोन-दोन दिसणे अशी अतिमात्रेची लक्षणे दिसू लागली. डोस कोणाचाच वाढवलेला नव्हता. शोध घेतल्यावर कळले की कॅप्सूलमध्ये भर म्हणून घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या जागी दुग्धशर्करा आली होती, आणि त्यामुळे फेनिटॉइन अधिक प्रमाणात शोषले जाऊ लागले होते. ध्यानात घेण्याजोगे असे की हा बदल जेनेरिकमुळे झालेला नव्हता. कॅप्सूलची अंतर्गत कृती बदलली होती आणि नाव तेच होते. १९७१ मध्ये डिगॉक्सिन या हृदयविकारावरील औषधाच्या निरनिराळ्या उत्पादनांतही रक्तातील प्रमाणात मोठे फरक आढळले. अशा अनुभवांनंतर १९७७ मध्ये अमेरिकेत जैवसमतुल्यतेचे रीतसर नियम आले. म्हणजे आज जेनेरिकला जी परीक्षा द्यावी लागते, ती बऱ्याच अंशी अशा घटनांमधून निर्माण झाली.

पाकिटावर 'बेसिलेट', 'मॅलिएट' असे शब्द वेगळे दिसतात. औषध बदलले का?

हे औषधी घटकाच्या क्षाराचे नाव असते. अम्लोडिपिन बेसिलेट आणि अम्लोडिपिन मॅलिएट यांत रक्तदाब कमी करणारा भाग एकच असतो. अमेरिकेत जेनेरिकमध्ये तोच क्षार असणे बंधनकारक आहे, तर युरोपात सुरक्षितता आणि परिणाम यांत फरक नसल्यास वेगळा क्षारही मान्य होतो.

कोणत्या औषधांच्या बाबतीत कंपनी बदलताना सावध राहावे?

ज्या औषधांत उपयोगी मात्रा आणि अपायकारक मात्रा यांच्यातील अंतर फार कमी असते, त्यांच्या बाबतीत. वॉरफॅरिन, लिव्होथायरॉक्सिन, डिगॉक्सिन, लिथियम, फेनिटॉइन, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतर द्यायची टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही त्यातली नेहमीची नावे आहेत. अशा औषधांच्या जेनेरिकसाठी नियमही अधिक कडक आहेत. युरोपीय औषध संस्था त्यांच्यासाठी ८० ते १२५ ऐवजी ९० ते १११.११ टक्के ही मर्यादा लावते.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. ही औषधे जेनेरिक घेऊ नयेत असा याचा अर्थ नाही. एक जेनेरिक मूळ औषधाशी जुळते आणि दुसरेही मूळ औषधाशी जुळते. परंतु त्या दोघांची एकमेकांशी थेट तुलना सहसा झालेली नसते, आणि एक किंचित वरच्या बाजूला व दुसरे किंचित खालच्या बाजूला असू शकते. त्यामुळे दर महिन्याला जे मिळेल ते घेण्यापेक्षा एकाच उत्पादकाचे औषध, मग ते जेनेरिक का असेना, सातत्याने घेणे चांगले. बदल करावाच लागला, तर डॉक्टरांना कळवावे आणि आवश्यक ती रक्तचाचणी ठरलेल्या वेळेआधी करून घ्यावी : वॉरफॅरिनसाठी रक्त गोठण्याची, लिव्होथायरॉक्सिनसाठी साधारण सहा आठवड्यांनी टीएसएचची (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या संप्रेरकाची), टॅक्रोलिमससाठी औषधाच्या पातळीची.

अपस्मारावरील औषधांबाबत ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये केलेली विभागणी मला समतोल वाटते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल आणि प्रिमिडोन घेणाऱ्यांनी एकाच उत्पादकावर राहावे. लेव्हेटिरासेटामसारख्या औषधांत तशी गरज नाही. आणि मधल्या गटात निर्णय रुग्णाची स्थिती पाहून डॉक्टरांनी करावा. सगळ्याच औषधांना एकाच मापाने मोजण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे.

जेनेरिक सुरू केल्यापासून मला बरे वाटत नाही. हा केवळ मनाचा खेळ आहे का?

असे म्हणून रुग्णाला गप्प करणे योग्य नाही, आणि ही शक्यता मुळातच नाकारणेही योग्य नाही. औषधाने त्रास होईल अशी अपेक्षा असली की त्रास जाणवू लागतो, हे नोसेबो परिणाम या नावाने चांगलेच अभ्यासले गेले आहे. जाणवणारा त्रास मात्र खरा असतो.

फ्रान्समधले एक उदाहरण या दोन्ही बाजू दाखवते. २०१७ मध्ये तेथे लेव्होथायरॉक्स या थायरॉइडच्या ब्रँडेड गोळीतील दुग्धशर्करा काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक आम्ल घालण्यात आले. औषध अधिक काळ स्थिर राहावे हा हेतू होता आणि जैवसमतुल्यतेची चाचणीही झालेली होती. तरीही थकवा, केस गळणे, डोकेदुखी अशा हजारो तक्रारी आल्या आणि अखेर जुनी कृतीही तात्पुरती उपलब्ध करून द्यावी लागली. बदलाची माहिती रुग्णांपर्यंत नीट पोहोचली नाही, हे एक कारण नक्कीच होते. सरासरीने समतुल्य असलेली गोळी प्रत्येक व्यक्तीत तंतोतंत तशीच वागेल का, यावर तज्ज्ञांत वादही झाला. येथेही कंपनी तीच होती आणि ब्रँडही तोच होता.

म्हणून त्रास जाणवल्यास औषध आपल्या मनाने बंद न करता तो कधी सुरू झाला, कोणत्या उत्पादकाची कोणती गोळी चालू होती आणि त्याच काळात दुसरे काही बदलले होते का हे लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. मोजता येण्याजोगी गोष्ट असेल, म्हणजे रक्तदाब, साखर किंवा टीएसएच, तर ती मोजावी. आकडे बदललेले नसतील, तर चर्चेची दिशाच बदलते.

जेनेरिक औषध खरोखरच कमी पडल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती लपवून विश्वास वाढत नाही. अमेरिकेत बुप्रोपियॉन या नैराश्यावरील औषधाची दिवसभर हळूहळू सुटणारी ३०० मिलिग्रॅमची एक जेनेरिक गोळी २००६ मध्ये मंजूर झाली. मंजुरी देताना चाचणी १५० मिलिग्रॅमच्या गोळीवर झाली होती आणि तिचे निष्कर्ष ३०० ला लागू पडतील असे गृहीत धरले गेले. रुग्णांच्या तक्रारी येत राहिल्या. शेवटी अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने स्वतः चाचणी करवली, ३०० मिलिग्रॅमची ती गोळी समतुल्य नाही असे निष्पन्न झाले आणि २०१२ मध्ये ती बाजारातून काढली गेली. यातून दोन गोष्टी दिसतात : हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांची रचना साध्या गोळ्यांपेक्षा अवघड असते, आणि रुग्णांच्या तक्रारींची नोंद झाली नसती तर ही चूक सापडली नसती.

दुसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. २०१८ मध्ये रक्तदाबावरील वॉलसार्टनच्या अनेक उत्पादनांत एनडीएमए ही कर्करोगाची शक्यता वाढवणारी अशुद्धी सापडली. दोष एका कारखान्यात घटक तयार करण्याच्या बदललेल्या रासायनिक प्रक्रियेत होता, आणि तो कच्चा माल घेणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांची औषधे त्यात सापडली. पुढे रॅनिटिडिन या आम्लपित्तावरील औषधातही हीच अशुद्धी आढळली. तेथे तर रेणूच कालांतराने आणि उष्णतेने विघटित होऊन ती तयार करत होता, त्यामुळे २०२० मध्ये अमेरिकेत ब्रँडेड आणि जेनेरिक अशी दोन्ही रॅनिटिडिन बाजारातून काढण्यास सांगण्यात आले.

जेनेरिक म्हणजे नकली औषध का?

मुळीच नाही. नकली औषध आपली ओळख खोटी सांगते. जेनेरिक आपला घटक, ताकद आणि उत्पादक उघडपणे सांगते आणि मंजुरी घेऊन विकले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्न असलेल्या देशांतील सुमारे १० पैकी १ वैद्यकीय उत्पादन निकृष्ट किंवा नकली असते. नकली औषध करणाऱ्याला महागड्या ब्रँडची नक्कल करण्यात अधिक फायदा दिसू शकतो, म्हणून ब्रँडचे नाव पाहून निर्धास्त होणे बरोबर नाही. औषध परवानाधारक विक्रेत्याकडून घेणे, पाकीट शाबूत असणे, बॅच क्रमांक व मुदत स्पष्ट छापलेली असणे हे निकष दोन्हींना सारखेच लागू आहेत.

जेथे देशाची स्वतःची तपासणी यंत्रणा कमकुवत आहे, तेथे मात्र 'जेनेरिक तेवढेच चांगले' हे विधान आपोआप खरे ठरत नाही. त्यामागे कारखान्यांची पाहणी, नमुन्यांची तपासणी आणि कारवाई असावी लागते. याच गरजेतून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये, प्रथम एचआयव्ही, क्षयरोग आणि हिवतापावरील औषधांसाठी, औषधांची पूर्वपात्रता तपासण्याचा कार्यक्रम सुरू केला.

जेनेरिकलाही कंपनीचे नाव असते, ते कसे?

पेटंट संपलेला घटक एखादी कंपनी स्वतःच्या ब्रँडनावाने विकते, तेव्हा त्याला ब्रँडेड जेनेरिक म्हणतात. काही बाजारांत असलीच औषधे सर्वाधिक असतात, आणि ज्याला रुग्ण 'ब्रँडेड' समजून जेनेरिकशी तुलना करत असतो, ते स्वतःच जेनेरिक असते. याउलट काही वेळा मूळ कंपनी आपलीच गोळी नाव काढून कमी किमतीला विकते किंवा दुसऱ्या कंपनीला विकू देते. तिला अधिकृत जेनेरिक म्हणतात, आणि तिची कृती मूळ औषधासारखीच असते.

बायोसिमिलर म्हणजे इन्सुलिनसारख्या औषधांचे जेनेरिकच का?

बायोसिमिलर म्हणजे मूळ जैविक औषधाशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध. जेनेरिकशी त्याचे साधर्म्य आहे, पण ते एक नव्हे. पॅरासिटामॉलचा रेणू लहान असतो आणि तो रासायनिक पद्धतीने अचूक तसाच बनवता येतो. जैविक औषधे जिवंत पेशींकडून तयार करवून घेतात, आणि त्यांतील प्रतिपिंडांसारखे रेणू इतके मोठे व गुंतागुंतीचे असतात की मूळ उत्पादकाच्याही दोन बॅचमध्ये सूक्ष्म फरक असतो. म्हणून येथे 'तेच' असे न म्हणता 'अत्यंत सारखे' असे म्हणतात, आणि रेणूच्या रचनेपासून शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील परिणामापर्यंत अधिक व्यापक तुलना करावी लागते. युरोपात पहिले बायोसिमिलर २००६ मध्ये मंजूर झाले, ते वाढीच्या संप्रेरकाचे होते. अमेरिकेत २०१५ मध्ये फिलग्रास्टिम या पांढऱ्या रक्तपेशी वाढवणाऱ्या औषधाचे. अदलाबदल औषधविक्रेत्याने परस्पर करावी की नाही याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत.

चुकून एकच औषध दोनदा घेतले जाण्याची भीती असते का?

असते, आणि माझ्या मते जेनेरिक-ब्रँडेड प्रकरणातला रोजच्या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका हाच आहे. रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, नव्या पाकिटावर ॲटेनोलॉल असे छापलेले असते, आणि घरच्या डब्यात तेच औषध ब्रँडच्या नावाने आधीपासून असते. दोन्ही चालू राहतात आणि नाडी मंदावते. पॅरासिटामॉलच्या बाबतीत धोका आणखी सहज घडतो, कारण सर्दी-तापाच्या अनेक मिश्र औषधांत ते असते आणि काही देशांत त्यालाच ॲसिटामिनोफेन म्हणतात. त्याची अतिमात्रा यकृताला गंभीर इजा करते. म्हणून औषधांची यादी ठेवताना ती घटकाच्या नावाने ठेवावी, शेजारी ब्रँडचे नाव लिहावे आणि नवे औषध आले की जुन्यातले कोणते बंद करायचे हे स्पष्ट विचारावे.

परदेशात गेल्यावर तेच ब्रँडनाव मागितले तर चालेल का?

चालेलच असे नाही. एकच ब्रँडनाव निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या घटकांसाठी वापरले गेल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत फ्लोमॅक्स या नावाने टॅम्स्युलोसिन हे प्रोस्टेटच्या त्रासावरचे औषध विकले गेले आहे, तर इटलीत त्याच नावाने दाहशामक औषध होते. घटकाचे नाव, ताकद आणि 'हळूहळू सुटणारी गोळी' आहे का, या तीन गोष्टी चिठ्ठीवर असल्या की असा घोटाळा टळतो.

गोळी अर्धी करायची असेल तर?

मूळ गोळीवर मध्यरेषा असली तरी जेनेरिकवर ती असेलच असे नाही, म्हणून प्रत्येक वेळी पाहावे. हळूहळू सुटणारी गोळी, ती कोणत्याही कंपनीची असो, माहितीपत्रकात तशी परवानगी नसेल तर तोडू किंवा चुरडू नये, कारण दिवसभराची मात्रा एकदम सुटू शकते.

औषधाविषयी तक्रार असल्यास कोठे आणि कशी करावी?

बहुतेक देशांत औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा असते, आणि अनेक ठिकाणी डॉक्टरांप्रमाणेच रुग्णालाही तिच्याकडे थेट कळवता येते. कळवताना घटकाचे नाव, उत्पादक, ताकद, बॅच क्रमांक, औषध सुरू केल्याची तारीख, लक्षणे आणि सोबत चालू असलेली इतर औषधे द्यावीत. उरलेल्या गोळ्या आणि पाकीट फेकून देऊ नये. बॅच क्रमांक नसेल तर दोष एका खेपेचा आहे की संपूर्ण उत्पादनाचा, हे तपासणाऱ्यांना ठरवता येत नाही.